दंतवैद्याची हसरी मूर्ती

हलापा शहरात फर्मीन उस्कांगा यांना जेवायला बोलवायचं म्हणजे लोक कचरत. श्रीमंतांच्या दिवाणखान्यातल्या प्राचीन मूर्ती अस्सल की बनावट हे सांगणं, हा त्यांचा धंदा. आगंतुकपणे ते मत कधी देत नसत. पण एखाद्या मूर्तीसमोर त्यांनी नुसतं नाक ओढलं, तरी यजमानाचा घास कडू होई.

म्हणून मुलीचं, नेरेइदाचं, लग्न ठरवायला निघताना बायकोने, क्लेओतिल्देने, त्यांचं भिंग आधी काढून घेतलं. "मुलाच्या बापाला मूर्तींचा शौक आहे म्हणे. आज काही बघायचं नाही. नेरेइदाचं मार्गी लागू दे, मग हवं त्याचं वाटोळं करा."

"मी कुणाचं वाटोळं केलं?"

"नोटरीच्या वाढदिवसाला काय केलंत?"

"सर्दी होती गं!"

मुलाचे वडील अबुंदिओ लागुनेस दंतवैद्य होते. फर्मीन मूर्तींच्या कपाटाकडे पाठ करून बसले, मोलेच्या रश्श्याची पुन्हापुन्हा तारीफ करत राहिले. पण हात धुतात न धुतात तोच डॉक्टरांनी मातीचं एक जुनं हसरं मुंडकं त्यांच्या हातात ठेवलं. "बोला व्याही!"

टेबलाखाली क्लेओतिल्देने पाय दाबला. फर्मीननी मूर्ती फिरवली. माती बरोबर, झाडाच्या मुळांचे डाग बरोबर. नजर तोंडाशी आली आणि नाक आपोआप ओढलं गेलं.

डॉक्टर पुढे वाकले.

"नकली?" डॉक्टरांनी विचारलं.

"मूर्ती अस्सल आहे," फर्मीन पुटपुटले, "पण वरचे दोन दात तुमच्या दवाखान्यातले."

"मी सांगत होते!" डॉक्टरीणबाई कडाडल्या.

डॉक्टर लालबुंद झाले. "अहो, पुढचे दात पडलेले आणि रोज माझ्याकडे बघून हसायची. मला बघवेना." मग खुर्ची जवळ ओढून म्हणाले, "ओळखलंत कसं? रंग तर हुबेहूब जुळवला होता."

"रंग छान. पण घासलेत जरा जास्त."

चोरी पकडली जाण्यापेक्षा हे डॉक्टरांच्या जास्त जिव्हारी लागलं. दोघे दातांवरून हमरीतुमरीवर आले, तोवर बायकांनी स्वयंपाकघरात लग्नाची तारीख ठरवूनही टाकली.

शेवटी डॉक्टर नमले, ते दोन दात काढायला तयार झाले. पुढच्या आठवड्यात दवाखान्यातल्या खुर्चीवर त्यांनी मुंडकं ठेवलं. दिवा फर्मीननी धरला. चिमटा घेऊन वाकताना डॉक्टर सवयीने म्हणाले, "किंचित दुखेल हं."

"करा सुरू," फर्मीन गंभीरपणे म्हणाले, "तोंड उघडंच आहे."