पाडसाला घातलेली साद

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. हिंजवडीतल्या एका कंपनीत मी सॉफ्टवेअर तपासते. जे पुन्हा घडवून दाखवता येत नाही ते घडलंच नाही, असं मानायची आमची सवय... तरीही लिहितेय.

खडकीत आम्ही तिघं राहतो – बाबा, दादा आणि मी. बाबा दारूगोळा कारखान्यातून रिटायर झालेले. मागच्या दिवाळीत त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. डॉक्टर म्हणाले, वाट बघा. त्यांनी एकदा मला हाक मारावी, एवढंच मला हवं होतं.

बातम्यांनी ते चिडायचे, म्हणून मी टीव्हीवर पार उत्तरेकडच्या, ध्रुवाजवळच्या एका नॅशनल पार्कचा लाइव्ह कॅमेरा लावून द्यायची. तिथे झाड म्हणून नाही. नुसतं शेवाळी माळरान, मधून वाहणारी उथळ नदी, लांबवर बर्फाचे डोंगर. उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही, त्यामुळे कधीही लावा, तोच मऊ पिवळा उजेड. एखादा कोल्हा रमतगमत जायचा. बाबा तासन्‌तास बघत बसायचे. लॅपटॉपवर काम करता करता मलाही गुंगी यायची.

जून संपत आला तरी पावसाचा पत्ता नव्हता. त्या दुपारी रेनडिअरचा कळप नदी ओलांडून गेला आणि एक पाडस अलीकडेच राहिलं. पाण्यात पाय घालायचं, मागे सरायचं. माझा जीव नुसता कासावीस झाला...

आणि मागून बाबांचा आवाज आला. स्वच्छ.

"चल गं, घाबरू नकोस. गुडघाभरच पाणी आहे."

पाडसानं कान टवकारले. मग शांतपणे पाण्यात उतरलं आणि पलीकडे गेलं.

मी वळून पाहिलं. बाबा खुर्चीतच होते, चेहरा तृप्त. पायजमा गुडघ्यापर्यंत ओला. पाऊल हातात घेतलं तर बर्फासारखं गार. फरशी मात्र कोरडी ठणठणीत.

संध्याकाळी दादा आला, त्याला सांगितलं. "फरशी पुसणाऱ्या बाईंनी चुकून बाबांनाच पुसलं असेल," तो म्हणाला. पण मग त्यानं ते पाय हातात घेतले. अजून गारच होते.

इतके महिने मी त्या आवाजाची वाट बघितली आणि तो गेला एका पाडसाला. मला रागही आला, रडूही आलं. त्यानंतर बाबा बोललेले नाहीत.

याचा अर्थ मला अजून लागलेला नाही. दादा म्हणतो, "तो कॅमेरा बंद कर. एखाद्या दिवशी ते तिकडेच राहतील." भीती मलाही वाटते. पण तिथे त्यांचे दोन्ही पाय चालत असणार... म्हणून रोज दुपारी टीव्ही लावून देते, आणि खुर्चीपाशी कोरडा टॉवेल ठेवते.