झाकलेलं ताट

फडक्याखाली झाकलेलं एक ताट आजही माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. नोकरीत खून, दरोडे पुष्कळ पाहिले. ते आता एकमेकांत मिसळून गेलेत. हे प्रकरण मात्र जसंच्या तसं आठवतं, आणि यात ना रक्त होतं ना हत्यार.

मी तेव्हा छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, पैठण तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. कलेक्टर कचेरीमार्फत पत्र आलं. आमच्या हद्दीतल्या गावचा एक तरुण आखातात बांधकामावर पडून मरण पावला होता. मृतदेह तिथल्या शवागारात होता. बायकोची संमती आणि वारसांबद्दलचा आमचा अहवाल गेल्याशिवाय तो हलणार नव्हता. अशा कामाला मी वेळ लावत नसे. मयताच्या माणसांना हेलपाटे घालायला लावणं मला कधीच पटलं नाही.

पण बीट हवालदार निघायच्या आतच ठाण्यात फोन आला. बोलणाऱ्याने नाव सांगितलं नाही.

"साहेब, त्या घरात पोरगा मेला म्हणतेत. आन् सून कुंकू लावून फिरायली, सासू भाकरी थापायली. मयताचं घर असं असतंय व्हय? बघा बरं जरा."

निनावी फोन निम्मे तरी भावकीच्या भांडणातले असतात, म्हणून मी सुतावरून स्वर्ग गाठत नाही. पण हवालदाराबरोबर स्वतः गेलो. फोन करणारा खोटं बोलला नव्हता. चूल पेटलेली होती. सुनेच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू होतं. सासऱ्याने आम्हाला चहा विचारला. ज्याचा तरणाताठा मुलगा गेला, तो बाप पोलिसांना चहा विचारत नाही.

मी संमतीचा कागद पुढे केला.

"सही कर, बाई," सासरा म्हणाला.

सुनेने हात पदराखाली घेतले. "म्या नाय करायची."

"का?"

"नाय म्हंजे नाय."

नवऱ्याचा देह आणायला बायकोच नकार देते म्हटल्यावर पोलिसाच्या डोक्यात काय काय येतं ते सांगायला नको. एक तर हिचं काहीतरी बाहेर आहे, नाहीतर नवरा जिवंत आहे आणि कसला तरी बनाव रचलाय. कुठंतरी पाणी मुरत होतं. मी सासऱ्याला ओसरीवर घेऊन बसलो आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "पोराचा शेवटचा फोन कधी आला?"

"आला की सकाळी."

"काय म्हणाला?"

"बरा हाय म्हणला." बोलून गेल्यावर म्हाताऱ्याच्या लक्षात आलं.

तेवढ्यात आत सासूने ताटात पिठलं-भाकरी वाढली, वर फडकं झाकलं आणि सुनेच्या हाती दिलं. सून मागच्या दाराने निघाली. मी उठलोच. मयताच्या घरी ताट बाहेरून येतं, शेजारीपाजारी आणून देतात. इथं ताट बाहेर चाललं होतं. म्हणजे मयत दुसऱ्या घरी होतं.

सून दोन गल्ल्या ओलांडून एका घरात शिरली, आणि मी दारातच थबकलो. घर माझ्या ओळखीचं होतं. सासूची सख्खी बहीण याच गावात दिलेली, ती विधवा बाई इथं एकटी राहायची. तिच्या मुलावर मारामारीची केस होती. तारखांना हजर राहिला नाही म्हणून कोर्टाने पकड वॉरंट काढलं होतं. ते घेऊन मी स्वतः इथं दोन-तीनदा येऊन गेलो होतो. बाई दर वेळी एकच सांगायची, "म्हाईत नाय साहेब, कुठं गेला."

आज चूल थंड होती. आधीचं ताट तसंच पडलेलं होतं. बाई भिंतीला टेकून बसली होती आणि पदराचा बोळा तिने तोंडात कोंबला होता. आवाज गल्लीत जाऊ नये म्हणून.

सुनेने ताट खाली ठेवलं आणि माझ्याकडे वळली. "साहेब, जित्या नवऱ्याच्या मयतावर सही कशी करू वो म्या?"

मग सगळं बाहेर आलं. केस असल्यामुळे विधवेच्या मुलाला स्वतःच्या नावाने पासपोर्ट मिळेना. मावसभावाची कागदपत्रं आणि याचा फोटो, असा पासपोर्ट शहरातल्या एका एजंटने काढून दिला. दोघांचा चेहराही मिळताजुळता. कागदावर मेलेला मावसभाऊ करमाडच्या बाजूला एका कंपनीत कामाला होता. त्याला ठाण्यात आणलं. सगळं कुटुंब मागोमाग आलं.

"माझ्याच नावानं येऊ द्या, साहेब," तो हात जोडून म्हणाला. "खरं लिवलं तर लई वेळ जाईल. मावशीला पोराचं तोंड तरी दिसू द्या. म्या मेलो असं लिवा."

त्याला अटकेचीही भीती होती, पण तेवढीच नव्हती. तो खरोखर रडत होता.

विधवा बाई पुढे सरकली. ती म्हणाली, "तुला जित्यापणी मारू व्हय? आन् माझं लेकरू? त्याच्या नावाचं वॉरंट घिऊन हे साहेब परत दारात येतील. तवा काय सांगू, म्हाईत नाय म्हणू?" मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "लपवून लपवून गेला तो. आता नका लपवू."

शेजारी बसलेल्या बहिणीने तिचा हात सोडला. खरं लिहिलं तर आपला मुलगा गजाआड जाणार हे तिला कळत होतं. थोड्या वेळाने तिने तो हात पुन्हा धरला.

मी खरा अहवाल पाठवला. कागदपत्रं देणाऱ्या मावसभावावर आणि एजंटवर गुन्हा दाखल केला. मावसभाऊ पुढे जामिनावर सुटला. आईच्या रक्ताचा नमुना घेतला, तो तिकडे जुळवला गेला. महिने गेले. बाई मधूनमधून ठाण्यात यायची, बाकावर बसायची, काही न विचारता परत जायची. गावाला आता सगळं ठाऊक होतं, तरी ती रडली नव्हती. मला तेव्हा तिचाही थोडा संशय आला होता. सवय, दुसरं काय!

एवढ्या प्रकरणात मी सगळ्यात जास्त संशय घेतला तो सुनेच्या कुंकवाचा, आणि त्या घरात खरं काय ते तेवढंच होतं. तेव्हापासून कुणी घाबरलेला दिसला की तो काय लपवतोय हे विचारण्याआधी कुणासाठी लपवतोय, हे मी विचारू लागलो. तपासाला त्याचा उपयोगच झाला.

मुंबईहून ॲम्ब्युलन्स गावात आली तेव्हा ऊन चढलं होतं. पेटी विधवेच्या दारात उतरवली. झाकणावर इंग्रजीत नावाचा कागद चिकटवलेला होता. माणसं पेटी उघडायला पुढे झाली, तर बाईने हात आडवा धरला आणि मला बोलावलं.

"साहेब, वाचा बरं. कुणाचं नाव हाय?"

वॉरंटावर मी ते नाव कितीदा वाचलं होतं. त्या दिवशी मोठ्याने वाचलं. मुलाचं, बापाचं आणि आडनाव.

"पुन्हा वाचा."

मी पुन्हा वाचलं. तेव्हा तिने पेटीवर अंग टाकलं आणि इतके महिने पदरात दाबून धरलेला हंबरडा फोडला. मी टोपी काढून उभा राहिलो.