स्पॉयलर आणि चहाचा दिवा

आमच्या भासऱ्यांइतकं माझ्याशी आजवर कोणी बोललेलं नाही, आणि लग्नाला बावीस वर्षं झाली तरी ते माझ्याशी एक शब्दही बोललेले नाहीत. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. भासरे म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. त्यांच्यासमोर पदर घ्यायचा, थेट बोलायचं नाही, हाताला हात लागू द्यायचा नाही, ही आमच्याकडची रीत. रायपूरजवळच्या बीरगांवात आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, छत्तीसगढी शेजारणी तर ती आमच्याहून कडक पाळतात. मला ही रीत सोयीचीच वाटली, कारण मी मुळात कोणाशीही बोलायला घाबरते. पण भासऱ्यांना गप्प बसवत नाही. म्हणून ते खांबाशी बोलतात. जेवताना स्वयंपाकघराच्या दाराशी असलेल्या खांबाकडे पाहून म्हणतील, "काहून रे खांबा, आज वांग्याच्या भाजीले भलतीच चव आली ना?" मी आतून पातेल्याला सांगते, "अजून वाढू का, विचार." खांबाची ना कधीच नसते.

ते गाड्यांचे वायरिंग मिस्त्री. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला पत्र्याचं दुकान, आणि त्यात सिलतऱ्याच्या कारखान्यांतून येणाऱ्या ट्रकांचे बिघडलेले दिवे आणि हॉर्न. लग्न केलं नाही. कोणी विचारलंच तर म्हणतात, "तारा जोडता जोडता राहून गेलं." मुकी वस्तू दिसली की तिला बोलतं करायचं, हा त्यांचा नाद. आमची पाण्याची टाकी भरली की ट्रक मागे घेताना वाजतो तो भोंगा वाजतो, आणि अंगणात नवा पाहुणा असला तर तो भिंतीला चिकटून उभा राहतो. कुकरच्या शिट्ट्या मोजणारी एक डबी त्यांनी केली होती. तिनं एकदा दारावरून जाणाऱ्या फुगेवाल्याच्या शिट्ट्याही मोजल्या. त्या दिवशी सगळ्यांनी अर्धकच्चा भात खाल्ला. भासरे खांबाला म्हणाले, "मोकळा झाला."

सासूबाई होत्या तोवर आमचे निरोप त्या नेत-आणत. त्या गेल्यावर चहा झाल्याचं दुकानात कळवायचं कसं? मी दारात उभी राहून बांगड्या वाजवायचे, पण ट्रकचं इंजिन चालू असलं की कोणाला ऐकू जाणार! आठ दिवसांत भासऱ्यांनी अंगणातून तार ओढली. मी ओट्याजवळचं बटन एकदा दाबलं की दुकानात लाल दिवा लागतो, म्हणजे चहा. दोनदा दाबलं की जेवण. तिकडून त्यांनी बटन दाबलं की माझ्या ओट्यावरचा हिरवा दिवा एकदा लुकलुकतो, म्हणजे येतो.

त्या हिरव्या दिव्यावरूनच मला कळलं. मागच्या दिवाळीनंतर तो एकदाच लुकलुकून थांबेना. तीनदा, चारदा, फडफडल्यासारखा. आधी वाटलं, तार सैल झाली असेल. मग एकदा ते बशी उचलत होते तेव्हा त्यांचा उजवा हात थरथरताना पाहिला. मी कोणाला सांगितलं नाही. त्यांनीही नाही.

अशात रायपूरच्या शंकर नगरचा एक तरुण दुकानदार आपली स्पोर्ट्स कार घेऊन आला. इतकी बुटकी गाडी की आमच्या गल्लीतल्या शेळ्या तिच्या टपावरून पलीकडे पाहत होत्या. तिच्या मागे स्पॉयलर नावाची पट्टी असते. वेग वाढला की ती आपोआप वर येते, गाडी रस्त्याला धरून राहते, आणि वेग कमी झाला की पट्टी पुन्हा खाली बसते.

"अंकल, ये अस्सी के ऊपर खुलता है," तो म्हणाला. "रायपुर की भीड़ में अस्सी कहाँ चलाऊँ? कभी खुलता भी होगा तो मैं तो आगे बैठा रहता हूँ. दो साल हो गए, अपना ही स्पॉयलर खुलते नहीं देखा!"

भासऱ्यांना भरून आलं. एवढी देखणी वस्तू, आणि दोन वर्षं मुकी!

"तीस पे खोल दूँ?"

"खोल दो अंकल! इतवार को ससुराल जाना है. नहीं होगा तो अभी बोलो, नागपुर भेज देता हूँ."

पुढचं सगळं जेवताना खांबाला सांगितलं गेलं, म्हणून मला ठाऊक. स्पॉयलरच्या मेंदूकडे वेगाची खबर नेणारी एक बारीक तार असते. ती कापून मधे भासऱ्यांची डबी बसवायची. गाडी तीसवर आली की डबी मेंदूला सांगणार, ऐंशी झाले. डबी दोन दिवसांत तयार झाली. राहिले ते टाके, म्हणजे गरम सळईनं रांगा नावाचा मऊ धातू वितळवून तारा जोडणं. शुक्रवारी दोनदा रांगा शेजारच्या तारेवर सांडला. शनिवारी भासरे जेवायला बसले आणि खांबाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"दादा, काहून जिवाले लावून घेऊन राहिला?" माझा नवरा म्हणाला. "जाऊ दे ना नागपूरले."

"गाडी जाईन रे. पण ज्याचा हात हालते तो मिस्त्री नाही. हे नाही जमलं तं सोमवारी दुकानाले कुलूप."

"मी मारतो टाके."

"तू? तुह्या हातानं लोखंड वाकते, तार नाही जुळत."

मी साड्यांवर मणी टाचते. मोहरीएवढ्या मण्यातून सुई नेताना माझा हात कधी हलला नाही. पण हे सांगायचं कोणाला, आणि कसं? भांडी तशीच ठेवली, पदर घेतला आणि मण्यांची डबी हातात घेऊन अंगण ओलांडलं. दुकानात मी पहिल्यांदाच शिरत होते. भासऱ्यांनी मण्यांच्या डबीकडे पाहिलं. मग गाडीकडे तोंड करून म्हणाले, "ऐक रे स्पॉयलर. सळई आधी तारेले टेकवाची, रांग्याले नाही. तार तापली का रांगा आपल्या पायानं धावते."

त्यांनी टॉर्च धरली आणि उजेड नाचायला लागला. ती त्यांच्या हातातून घेणं मला शक्य नव्हतं. मी एक रिकामा रंगाचा डबा पायानं पुढे सरकवला. त्यांनी टॉर्च त्यावर ठेवली आणि पाठीमागे हात बांधून उभे राहिले. उजेड थांबला. मी एकामागून एक चार टाके मारले. प्रत्येक टाक्याला ते मान डोलावून स्पॉयलरला म्हणत, "हव."

रविवारी मालक बाहेरच्या रस्त्यावर उभा राहिला आणि भासऱ्यांनी गाडी चालवली. मी गच्चीवरून पाहत होते. गाडीनं वेग घेतला आणि पट्टी अलगद, झोपेतून उठल्यासारखी वर आली. मालक लहान मुलासारखा टाळ्या वाजवत गाडीमागे धावला. "अरे खुल गया! देखो, खुल गया!"

गाडीतून उतरणाऱ्या भासऱ्यांना तो म्हणाला, "अंकल, इस उमर में भी क्या हाथ है आपका!"

"हाथ हमारे घर का है, भैया," भासरे म्हणाले, आणि आमच्या गच्चीला लागून असलेल्या विजेच्या खांबाकडे त्यांनी पाहिलं.

दुकानाला कुलूप लागलं नाही. आता डोकं त्यांचं आणि दुपारचे बारीक टाके माझे. त्यांच्या हाताची थरथर मात्र वाढते आहे. बटन कसंही दाबलं तरी हिरवा दिवा एकदाच लागेल, असा एक सुटा भाग मिळतो. त्यांना तो बसवायला पाच मिनिटं पुरली असती. घरातली प्रत्येक वस्तू दुरुस्त करणाऱ्या या माणसानं तेवढा भाग बसवला नाही. मीही कधी पातेल्याकडून विचारलं नाही. चहा झाला की मी बटन दाबते. तिकडून उत्तर फडफडत येतं. ते पुरतं थांबेपर्यंत मी दिव्याकडे पाहत राहते, आणि मगच चहा कपात ओतते.