रूपलीच्या वाट्याचं ऊन

रनाळ्याच्या गिरधर पाटलांची कोकिळा गोरी होती आणि त्या रंगाचं घरात फार कौतुक होतं. त्या घराण्यातल्या बायका शेतावर जात नसत. मुलगी शहाणी झाली की तिनं ओसरी ओलांडायची नाही. कुठं जायचंच झालं तर पडदे सोडलेल्या दमणीत बसून, बैलांच्या घुंगरांवरून रस्ता ओळखत जायचं. कोकिळा बाराव्या वर्षी अशी आत गेली. १९३०च्या आसपासची ही गोष्ट.

तोवर तिची खेळगडी होती रूपली. रूपलीचा बाप वाहरू हा काठी गावाकडचा, डोंगरातला भिल्ल. पाटलांकडे वर्षाच्या बोलीवर सालदार म्हणून राहिला होता आणि खळ्याच्या कडेला त्याची झोपडी होती. दोघी पोरी एका वयाच्या. कोकिळा आत गेली त्याच पावसाळ्यात रूपली आईबरोबर निंदणीला जाऊ लागली.

मागच्या अंधाऱ्या खोलीला खळ्याच्या बाजूनं एक झरोका होता. कोकिळा तिथं बसून राही. खळ्यात मिरची वाळत घातलेली असे आणि रूपली गुडघ्यापर्यंत लुगडं खोचून ती पायानं परतत फिरे. उन्हानं तिची पाठ चकाके. मध्येच ती शिंकायची, स्वतःशीच हसायची, घागर डोक्यावर घेऊन हात न लावता चालायची. आधी कोकिळेला तिच्याशी बोलावंसं वाटे. पुढं वाटेनासं झालं. रूपलीच्या अंगावर धड चोळी नाही, पायात वाळा नाही, तरी सारं खळं तिचं कसं, हा विचार तिला जेवतानाही सोडीना. एकदा तिनं आपल्या चांदीच्या पाटल्या झरोक्यातून मुद्दाम रूपलीला दाखवल्या. रूपलीनं त्या पाहिल्या, मान डोलावली आणि पाटी उचलून चालती झाली. कोकिळेला त्या दिवशी फार राग आला.

चौदावं लागलं तेव्हा तिच्या नडग्या दुखू लागल्या. मग कंबर. जात्यापाशी बसलं की उठताना हातांचा टेका लागे. चालताना ती बदकासारखी दोन्हीकडे झुलू लागली. एकदा ताक घुसळता घुसळता तिच्या हातांची बोटं आपोआप आत वळली आणि सरळ होईनात. तिची आई धनुबाई घाबरली. वातावरची मुळी झाली, शेक झाला, गंडा झाला. शेवटी भगताला बोलावलं.

भगतानं तांदूळ टाकले आणि ही नजर आहे असं सांगितलं. सगळ्या घरादेखत त्यानं कोकिळेला विचारलं, "तुन्हाकडे कोन जास्त देखस, बेटा?"

कोकिळा म्हणाली, "रूपली. ती रोज देखस मन्हाकडे."

खरं तर नजर लावून बसलेली ती स्वतः होती. रूपलीला कामातून मान वर करायलाही फुरसत नसे. पण झरोक्याआडचं कुणी पाहिलं नव्हतं आणि पाटलाच्या मुलीचा शब्द खोटा कोण म्हणणार? त्या मुलखात नजरेवरून गोष्ट डाकिणीवर जायला वेळ लागत नाही, हे वाहरूला ठाऊक होतं. त्यानं हुज्जत घातली नाही. साल अर्धं टाकून, भांडीकुंडी डोक्यावर घेऊन तो बायकोपोरीसह दिवस मावळायच्या आत डोंगराकडे निघून गेला. जाताना रूपली झरोक्याकडे बघत होती. त्या एका दिवशी ती खरंच बघत होती.

काही दिवस कोकिळेला बरं वाटलं. खळं रिकामं होतं. मिरची परतायला दुसरी कुणी म्हातारी येई, तिचा हेवा वाटायचं काही कारण नव्हतं. पण दुखणं काही गेलं नाही. पाय गुडघ्यांपासून बाहेर वाकू लागले. कळसाडीहून पाहायला आलेल्या मंडळींनी तिला ओसरीवर चार पावलं चालायला लावलं, पाणीही न घेता ते उठले आणि पुढं तिची धाकटी चुलतबहीण करून घेतली. तिच्या हळदीला कोकिळा पोट दुखतं म्हणून आतच पडून राहिली. गाणी ऐकू येऊ नयेत म्हणून तिनं गोधडी तोंडावर ओढून घेतली.

मग मात्र धनुबाईनं नवऱ्यापुढं हट्ट धरला. एका मिशनच्या दवाखान्यात बाई डॉक्टर होत्या; गिरधर पाटील मुलीला दमणीतून तिथं घेऊन गेले. बाईंनी कोकिळेची नडगी अंगठ्यानं दाबली तशी ती कळवळली. बाईंनी औषधाचं काहीच विचारलं नाही. मुलगी दिवसभर बसते कुठं, एवढं विचारलं. धनुबाईनं सांगितलं.

"हिची हाडं मऊ पडली आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वाढत्या वयात अंगाला ऊन लागलं नाही. रोज उघड्या हातापायांनी उन्हात बसवा, आणि हे माशाच्या काळजाचं तेल द्या."

गिरधर पाटलांना ते लागलं. उन्हात राबायचं भिल्लांच्या पोरींनी, आमच्या मुलींनी नाही, असं ते म्हणाले.

"म्हणून तर त्यांच्या पोरी या दुखण्यासाठी माझ्याकडे येत नाहीत," बाई शांतपणे म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर कोकिळा पडद्याआड रडत होती. आईला वाटलं, दुखतंय. तिला दुखत नव्हतं. रूपलीला फुकट, कुणी न देता मिळालेली वस्तू आपल्याला औषध म्हणून घ्यावी लागणार, हे तिला सहन होत नव्हतं. तिचा हेवा आता पूर्वीहून वाढला होता, आणि ज्या रूपलीवर तो काढायचा ती तर डोंगरात निघून गेली होती.

धनुबाईनं घराच्या धाब्यावर, मातीच्या सपाट छतावर, चारी बाजूंनी लुगडी बांधली. सकाळचं जेवण आटोपलं की ती मुलीला वर नेऊन बसवी. माशाच्या तेलाची बाटली तिनं स्वयंपाकघरात येऊ दिली नाही. गोठ्यात ठेवली आणि वेगळ्या वाटीनं तिथंच पाजली. हिवाळाभर हे चाललं. दुखणं हळूहळू ओसरलं, बोटं वळायची थांबली. पाय मात्र वाकले ते वाकलेच.

एकदा धाब्यावर केस विंचरून घेताना ती आईला म्हणाली, "माय, रूपली मन्हाकडे कधी देखत नव्हती."

"माले म्हाईत व्हतं," धनुबाई म्हणाली आणि विंचरत राहिली.

पुढं कळसाडीच्याच एका बिजवरानं, नवल पाटलांनी, तिला पत्करलं. माणूस समजूतदार होता. बाळंतपणात ती मरता मरता वाचली. कंबरेची हाडंही वाकलेली, मुलाला वाट नव्हती; धुळ्याला नेऊन पोट फाडून ते काढावं लागलं. मुलगी झाली. तिचं नाव कमल ठेवलं.

कमल वर्षाची असेल, तेव्हा नंदुरबारच्या बाजारात दमणी गर्दीत अडली होती. पडदा सारून कोकिळा बाहेर बघत होती, तर समोरून रूपली आली. डोक्यावर लाकडांची मोळी, कडेवर मूल, चाल तीच. तिनं कोकिळेला ओळखलं. मोळीचा तोल सांभाळत तिनं पदर ओढला, लेकराचं तोंड झाकलं आणि गर्दीत निघून गेली. नजर लागेल म्हणून तिनं तोंड झाकलं होतं. कोकिळेनं पडदा लवकर सोडला नाही.

कमल मोठी होऊ लागली तशी कोकिळेनं तिला घरात ठेवायला साफ नकार दिला. कापूस वेचायला, मळ्यात, जिथं बायका जातील तिथं ती पोरीला धाडी. सासू कुरकुरली, "पोर काळी पडी जाई."

"पडू द्या काळी. पाय ते सरळ ऱ्हातीन," कोकिळा म्हणाली.

पोरीचे पाय सरळ राहिले. भर दुपारी ती बांधावरून धावत येई, घामानं निथळलेली, आणि कोकिळा दारात काठी टेकून उभी असे. लेक सुखात दिसली की आईचा जीव निवावा, तसा तिचा निवेही. पण त्याच्या तळाशी झरोक्यातला तो जुना हेवा असे. तो तिनं कधी कुणाला सांगितला नाही. पोरगी जवळ आली की ती तिच्या तापलेल्या दंडांवर हात ठेवी, आणि बराच वेळ काढून घेत नसे.