गालातला कापूस

हसणार नाही असं आधी कबूल करा, मग सांगतो. जाऊ दे, हसालच, तरी सांगतो.

विरारच्या एका डेंटल कॉलेजात मी पोरांना पेशंटशी कसं बोलावं ते शिकवतो. मी डॉक्टर नाही बरं का! नाटकवाला माणूस. त्या दिवशी प्राचार्य मागच्या बाकावर येऊन बसले होते. माझा वर्ग चालू ठेवायचा की बंद करायचा, ते आज ठरणार होतं.

म्हणून मी खोटा पेशंट मागवला होता. मित्राने सुचवलेली जवळच्या वटार गावची एक हौशी नटी. तिला मी पाहिलेलं नव्हतं, पण फोनवर बजावलं होतं, "काहीही झालं तरी सोंग सोडायचं नाही."

दार उघडलं. गाल टम्म सुजलेली बाई आत आली, काखेत मासळीची पाटी.

"डाक्टर कोन हाय?"

वा! वाससुद्धा खरा आणला होता.

एक विद्यार्थिनी पुढे झाली. "मावशी, काय त्रास होतोय?"

"दाढ! तीन रात्री डोला नाय लागला."

"मावशी," मी मध्येच म्हणालो, "दुखणं जरा कमी करा. जास्त होतंय."

"मेल्या, कमी करायलाच अर्नाळ्याहून आलेय ना!"

मी पोरांकडे वळलो. "बघा. चिडलेला पेशंट असा असतो." मग मावशींना म्हणालो, "फक्त गालातला कापूस थोडा काढा." आणि गालाला बोट लावलं.

मावशींनी जी बोंब ठोकली! मी टाळ्या वाजवल्या. पोरांनीही वाजवल्या. त्यांना वाटलं, अभ्यासक्रमात आहे.

तेवढ्यात शेजारच्या ओपीडीतून सिस्टर धावत आली. "सर, तिकडे वटारची एक बाई बसलीय. एक्स-रेत दात ठणठणीत, तरी म्हणते दाढ काढा. आणि मधूनच मला डोळा मारते!"

म्हणजे माझी नटी तिकडे बसली होती! मी मान खाली घातली, मावशींची माफी मागितली. त्यांनी शिव्या दिल्या, त्या इथे सांगत नाही.

प्राचार्यांनी स्वतः मावशींना खुर्चीत बसवलं, दाढेवर उपचार केले. ठणका उतरल्यावर त्यांनाच विचारलं, "मावशी, या सरांचा वर्ग चालू ठेवू का?"

मावशींनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"ठेवा की. पन याला त्या पोरांच्यात बसवा."

आता प्राचार्य शिकवतात. मी तिसऱ्या बाकावर बसतो, खिडकीशेजारी.