पाहुणीची नोंद

ताई गेल्याचं मला तिच्या शेजारच्या मंगलाबाईंनी फोनवर सांगितलं. मी अमरावतीत, घरून कोर्टात जायला निघालो होतो, एक पाय बुटात, एक बाहेर. "वकीलसाहेब, बाई उठून नाई राहिल्या..." एवढंच त्या म्हणाल्या आणि मला कळलं. याला आता सहा आठवडे झाले. भेटायला येणारे तिचे जुने विद्यार्थी तिच्या गणिताबद्दल बोलतात, तिच्या दराऱ्याबद्दल बोलतात. मला मात्र राहून राहून एकच प्रसंग आठवतो, आणि त्यात मी काही फारसा शोभून दिसत नाही. तरी सांगतो. सांगायचं तर सगळं सांग, नाहीतर चूप बस, असं तीच म्हणाली असती.

ताई म्हणजे मालतीबाई, माझी थोरली बहीण. अकोल्याच्या शाळेत आयुष्यभर गणित शिकवलं, आणि भाऊजी गेल्यावर जठारपेठेतल्या घरात एकटीच राहायची. मागची खोली भाड्यानं द्यायची ठरली तेव्हा मीच म्हटलं होतं, एखादी शांत, नोकरीवाली मुलगी बघ. बाईनं बघितली ती थेट टांझानियाची! नाव नीमा. कृषी विद्यापीठात कपाशीवर एम.एस्सी. करायला आलेली. चार घरांनी तिला दारातूनच परत पाठवलं होतं. परदेशी माणूस घरात ठेवला की चोवीस तासांच्या आत सी-फॉर्म भरून पोलिसांना कळवावं लागतं, आणि पोलिसांचं नाव निघालं की आपले लोक दार लावून घेतात. मीही फोनवर म्हटलंच, "ताई, कशाला नसती लफडी गळ्यात घेतेस?" ती म्हणाली, "काहून? पोरगी काय बॉम्ब घेऊन आली का? कपाशी शिकाले आली." विषय संपला. फॉर्म मात्र तिनं त्याच दिवशी भरला.

परदेशी माणसाचं इथलं जगणं किती कागदी असतं, हे मला वकील असून तोवर माहीत नव्हतं. बँकेला पत्त्याचा पुरावा हवा, पुराव्याला पोलिसांकडची नोंदणी हवी, नोंदणीला विद्यापीठाचं पत्र हवं, आणि पत्र देणारे बाबू लग्नाला गावी गेलेले. प्रत्येक ठिकाणी फोटो हवा, तोही दरवेळी नवाच. नीमा कधीकधी रडकुंडीला यायची. मग ताई तिला चहा द्यायची आणि छत्री घेऊन सोबत निघायची. ताई रांगेत उभी राहिली की खिडकीपलीकडचा माणूस हमखास तिचा विद्यार्थी निघायचा. पण त्याच्याकडून नंबर पुढे घेणं तिला चालत नसे. "रांगेतच उभी राहीन मी," म्हणायची. घरची आठवण आली की नीमा मक्याच्या पिठाचं घट्ट काहीतरी शिजवायची. पहिल्यांदा चाखून ताई म्हणाली, "हे तं आपल्या कण्याच झाल्या बापा! फक्त मीठ इसरली तू." मीठ घालतच नाहीत, हे तिला पटायला वर्ष लागलं. ताईला ती मावशी म्हणू लागली आणि मी, मला कोणी न विचारता, मामा झालो.

दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीत ताई तिला घेऊन आठवडाभर नातेवाइकांकडे फिरली. आधी बार्शीटाकळीला आमच्या चुलत भावाकडे, वसंताकडे. शेतात गोवऱ्यांवर भाजलेल्या रोडग्यांचा बेत झाला, नीमानं वसंताच्या कपाशीची बोंडं फोडून त्याला अळी दाखवली, आणि वसंतानं खूश होऊन दोन मुक्काम करायला लावले. मग अमरावतीला माझ्याकडे पाच मुक्काम. माझ्या बायकोनं तिला नऊवारी नेसवून अख्ख्या रुक्मिणीनगरात मिरवलं. पोहोचल्या संध्याकाळीच नीमानं मला विचारलं होतं, "मामा, इथं पण फॉर्म भरायचा ना?" आणि मी, तीस वर्षं वकिली केलेला माणूस, हात झटकून म्हणालो, "अगं, पाहुण्याची कुठं पोलिसात नोंद करतात का?" बार्शीटाकळीला ताईनंही तिला हेच उत्तर दिलं होतं. आमच्याकडे पाहुण्याला किती दिवस राहणार असं विचारायचीसुद्धा चोरी. त्याची सरकारदरबारी नोंद करायची, हे आमच्या कोणाच्या डोक्यातच येईना.

फेब्रुवारीत तिच्या व्हिसाची मुदत संपत आली. प्रबंध व्हायला अजून सहा महिने होते. मुदतवाढीच्या अर्जात आतापर्यंत कुठे कुठे राहिलात, असा रकाना होता. नीमानं सगळं खरं लिहिलं. बार्शीटाकळी दोन रात्री, अमरावती पाच रात्री, सोबत आमची नावं. पोलीस अधीक्षक कार्यालयातल्या साहेबांनी अर्ज वाचला आणि विचारलं, या मुक्कामांचे फॉर्म कुठं आहेत? ते नव्हतेच. दोन्ही यजमानांचे फॉर्म आणि लेखी खुलासे आल्याशिवाय अर्ज पुढे जाणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. हातात तीन आठवडे होते. मुदतवाढ नाही मिळाली तर पोरगी पदवीशिवाय घरी जाणार होती.

ताईचा फोन आला. मी अगदी शहाण्यासारखा सल्ला दिला, "तो अर्ज मागे घ्यायला सांग. नवा भरा. पूर्ण वेळ अकोल्यातच होते असं लिहा. कोण बघायला येतंय?" ती म्हणाली, "बाळू, तिनं तुले विचारलं होतं ना? तू नाई म्हटलं, मी बी नाई म्हटलं. चूक आपली. अन् आता तिले खोटं लिहाले सांगून राहिला? तुह्या घरी पाच दिवस जेवली ते पोरगी. कोणी इचारलं तं म्हणशीन का, आमी ओळखतच नाई तिले?" मी म्हटलं, "ताई, माझी सनद आहे. असलं लेखी देणं मला..." ती म्हणाली, "वसंता उद्या येऊन राहिला. त्याले अक्षर धड काढता येत नाई, तरी येऊन राहिला." आणि फोन ठेवला.

मी दिवसभर फुगून बसलो. बायकोवर चिडलो, पक्षकारावर चिडलो. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. दुसऱ्यांना रोज 'खरं काय ते सांगा' म्हणणाऱ्या माणसाला स्वतःची सही करायची पाळी आली की हात कसे आखडतात, ते मी त्या दिवशी पाहिलं. तरी सकाळच्या एस.टी.नं अकोल्याला गेलो. ताई, वसंता आणि नीमा अधीक्षक कार्यालयातल्या बाकावर आधीच बसलेले होते. ताईनं मला सरकून जागा दिली.

आधी तिनं स्वतःचा कागद पुढे केला. 'या मुलीने नियम विचारला होता. मी तिला चुकीचं सांगितलं. तिला घेऊन जाणारी मीच. दोष माझा आहे.' खाली सही, निवृत्त शिक्षिका. मग वसंतानं दिला, मग मी. साहेबांनी माझा कागद वाचून वर पाहिलं. "तुम्ही तर वकील ना हो?" "हो साहेब," मी म्हटलं. "मग?" "चुकलं साहेब. तिनं विचारलं होतं, मीच नको म्हटलं." आयुष्यात इतकी सरळ चूक मी कुठल्याच कोर्टात कबूल केली नसेल. साहेब कडक होते, पण न्यायी होते. उशिराचे फॉर्म घेतले, तिघांनाही लेखी समज दिली आणि अर्ज शिफारशीसह पुढे पाठवला. मुदत संपायच्या चार दिवस आधी मंजुरी आली. नीमा त्या पावसाळ्यात पदवी घेऊन गेली, आणि आता तिकडे स्वतः कपाशी शिकवते.

त्या दिवसाबद्दल ताईनं पुन्हा कधी मला टोमणा मारला नाही. इतर बाबतीत मारायला तिला कारण लागत नसे, म्हणून हे मुद्दाम सांगतो. मला भित्रा म्हणायचा तिला पूर्ण हक्क होता. ती फक्त सरकली आणि बाकावर जागा दिली. त्याबद्दल तिचे आभार मी कधी मानले नाहीत. आज मानतो.

ताई गेल्याचं कळल्यावर नीमानं तेरवीला यायची धडपड केली. व्हिसा वेळेत मिळाला नाही. गेल्या आठवड्यात ती आली, आणि मावशीच्याच घरी राहीन म्हणाली. मीही अकोल्याला येऊन थांबलो. तिनं बॅग टेकवली तसा मी ताईचा कॉम्प्युटर सुरू केला. सी-फॉर्मचं खातं नीमानंच तिला उघडून दिलेलं, पासवर्डही नीमालाच पाठ. पान उघडलं, आणि यजमानाच्या जागी आपोआप ताईचं पूर्ण नाव आलं. पुढे तिचाच फोन नंबर. आम्ही दोघं बघत राहिलो. नीमा हळूच म्हणाली, "मामा, राहू द्या ना आजच्या दिवस." मी म्हटलं, "नाही बाई. तिला नसतं चाललं." एकेक अक्षर पुसत नाव काढलं आणि तिथं माझं लिहिलं. स्मशानात मी रडलो नव्हतो, तेरवीला रडलो नव्हतो. त्या खुर्चीत बसून मात्र पोरासारखा रडलो. नीमानं माझ्या हाताखालून माउस काढून घेतला आणि फॉर्म पाठवून दिला.