बोरहेटीच्या कौतिकाबाई

देवळीच्या वाचनालयात माझं व्याख्यान संपलं आणि अध्यक्षांनी प्रश्नांसाठी पाच मिनिटं दिली. मी निवृत्त प्राध्यापक. इतिहासाची पुस्तकं लिहितो, पण विद्वानांसाठी नव्हे, साध्या वाचकांसाठी. जिल्ह्यातल्या कापसावरचं माझं पुस्तक तेव्हा नुकतंच आलं होतं. एकाने विचारलं, लिहायला किती वर्षं लागली. दुसऱ्याने विचारलं, पुढचं पुस्तक कशावर. मग मागच्या दाराशी उभी असलेली एक बाई म्हणाली, "सर, पान एकशे बारा काढा."

त्या कौतिकाबाई, वाचनालयाच्या शिपाई. थोड्या वेळापूर्वी त्यांनीच मला चहा आणून दिला होता. साठीच्या घरातल्या, पदर कमरेला खोचलेला, चष्मा दोऱ्याने गळ्यात अडकवलेला. तो त्यांनी डोळ्यांवर चढवला आणि माझंच पुस्तक मोठ्याने वाचलं, "बोरहेटी ही जाडंभरडं कापड विणणाऱ्यांची वस्ती पटकीच्या साथीत उठली. पुढे तिचा मागमूस लागत नाही." मग वर बघून म्हणाल्या, "हे तुमाले कोनं सांगतलं?"

"इंग्रज अधिकाऱ्याचा अहवाल आहे. त्या काळचा अस्सल कागद," मी म्हणालो.

"त्या सायबानं कोनाले इचारलं?"

कोणीतरी हसलं. मी म्हणालो, "बाई, वस्ती रिकामी होती. विचारायला कोणी उरलंच नव्हतं."

"कसं नाई उरलं? मी बोरहेटीवाल्याइची पणती आहो. मागमूस पायजे ना तुमाले? हा पाहा, तुमच्यासमोर उभा हाय."

टाळ्या पडल्या, आणि त्या माझ्यासाठी नव्हत्या. ‘पुढच्या आवृत्तीत नक्की बघू’ असं काहीतरी पुटपुटून मी वर्ध्याच्या बसमध्ये बसलो. वाटभर राग येत राहिला. घरी येऊन ते पान उघडलं. वाक्य छान जमलं होतं. लिहिताना मला ते फार आवडलं होतं, आणि खरं सांगायचं तर आवडलं म्हणूनच मी पुढे शोध घेतला नव्हता.

आठ दिवसांनी पुन्हा देवळीला गेलो. कौतिकाबाई कपाट पुसत होत्या. "आले का सर? मले वाटलंच होतं, तुमी येसान."

"कशावरून?"

"त्या दिवशी तुमी चिडले होते. ज्याले काई फरक पडत नाई, तो चिडत नाई."

सातवीपर्यंत शिकलेल्या या बाईंनी धूळ पुसता पुसता, उभ्याउभ्या, इतिहासाचं अख्खं कपाट वाचून काढलं होतं. कोणतंही पुस्तक हाती आलं की त्या आधी शेवटची पानं उघडत. तिथे गावांच्या नावांची सूची असते. तिच्यावरून बोट फिरवायचं, आणि मग पहिल्या पानाकडे वळायचं. "पायतो मी, आमची हेटी हाय का म्हणून," त्या म्हणाल्या. "राजे गंज भेटले, ढीगभर. लढाया गंज भेटल्या. आमची हेटी एकाच पुस्तकात भेटली, सर. अन् तिथं आमी मेलेले."

दुसऱ्या दिवशी त्या मला ती जागा दाखवायला घेऊन गेल्या. ऑटो रस्त्यालाच सोडला आणि धुऱ्याने, म्हणजे बांधाने, शेतात शिरलो. सोयाबीन कमरेएवढं वाढलेलं, मध्ये एक बुजलेली विहीर, बाकी काही नाही. वावराचे मालक बांधावर आले. त्यांना मी विचारलं, या तुकड्याला काय म्हणता? "मागाचं वावर," ते म्हणाले. "कागदावर ‘मागचे शेत’ लिवलं हाय."

कौतिकाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "वावर रस्त्याच्या तोंडावर हाय, सर. मंग मागचं कसं?"

मी जागच्या जागी थांबलो. मागचं नव्हे, मागाचं. हातमागाचं. कुठल्या तरी कारकुनाने एक काना खाल्ला होता आणि त्याबरोबर अख्खी वस्ती. मालक म्हणाले, "नांगरताना इथं चौकोनी खड्डे लागत होते. माहा बाप म्हणे, काऊन केले असन हे खड्डे?" कौतिकाबाई खाली बसल्या आणि त्यांनी मातीवर हात ठेवला. "माग चालवताना पाय सोडून बसाचे खड्ड्यात," त्या म्हणाल्या. "आजी सांगे, थंडीत पाय तेवढे गरम राहे."

मी मोठ्या उत्साहाने पुण्याच्या संपादकांना फोन केला. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. एका घरातली आठवण आणि एका वावराचं नाव, एवढ्यावर सरकारी अहवाल खोटा कसा ठरवायचा? "सर, ती ओळच काढून टाका. वाद नको," ते म्हणाले. मला ते सोयीचं वाटलं. कौतिकाबाईंना तसं सांगितलं, तर त्यांच्या हातातलं फडकं खाली पडलं.

"काढू नका, सर. काढली तं आमी अजून एकदा गेलो."

मग पुरावा गोळा करण्यासाठी आमचे रविवार सुरू झाले. त्यांच्या आजीच्या सांगण्याप्रमाणे हेटीवाले तीन वाटांनी गेले होते: काही देवळीत, काही सेलूकडे, काही नाचणगावला. या घरांमध्ये आता येणंजाणं उरलं नव्हतं. बरेचसे एकमेकांना ओळखतही नव्हते. कौतिकाबाई विचारत विचारत जायच्या, मी वही घेऊन मागे. एकदा उत्साहाच्या भरात मी सेलूच्या एका म्हाताऱ्यांना सांगू लागलो, की देवळीचे लोक असं असं म्हणतात. बाईंनी मला तिथेच अडवलं. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "एकाचं दुसऱ्याले सांगाचं नाई, सर. मंग तो आपलंच म्हणणं आपल्याले परत देईन." साधनांची चिकित्सा हा विषय मी वर्गात जन्मभर शिकवला. तो मला पुन्हा एकदा सेलूच्या एका ओसरीबाहेर शिकावा लागला.

त्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायच्या. विहिरीवरून गल्लीत शिरलं की पहिलं घर कोणाचं, मग कोणाचं, मग कोणाचं? सेलूच्या म्हाताऱ्यांनी घरं मोजली. देवळीतल्या एका आत्याबाईंनी मोजली. नाचणगावच्या एका आजी खाटेवर पडून होत्या, ऐकू कमी यायचं, तरी त्यांनी आईकडून ऐकलेली नावं बोटांवर मोजून सांगितली. त्या रात्रीपर्यंत धीर न धरता आम्ही नाचणगावच्या बसथांब्यावरच तिन्ही याद्या शेजारी शेजारी ठेवल्या. अकरा घरं. एका घराच्या नावात फरक होता, बाकी क्रम तोच. कौतिकाबाईंनी यादी दोनदा वाचली. मग थांब्यावरच्या अनोळखी बाईला हाताला धरून म्हणाल्या, "बाई, जमलं वं!" ती बाई बिचारी हसून "बरं झालं" म्हणाली.

काय घडलं होतं तेही या घरांमधल्या आठवणींतून आता कळलं. साथीत माणसं गेली, पण वस्ती मेली नव्हती. उरलेल्यांनी माग सुटे केले, त्यांची लाकडं डोक्यावर घेतली आणि ते निघून गेले. अधिकारी मागाहून आला. त्याने रिकामी घरं पाहिली आणि लिहून मोकळा झाला.

संपादकांनी याद्या पाहिल्या आणि ओळीच्या जागी नवं प्रकरण मागितलं. मी ते लिहिलं आणि कौतिकाबाईंना वाचून दाखवलं. ‘विस्थापनाच्या प्रक्रियेत’ या शब्दांशी त्यांनी हात वर केला.

"हे पुस्तक कोनासाठी हाय, सर?"

"सर्वसामान्य वाचकांसाठी."

"मी सामान्यच आहो. मले नाई समजलं. लोकं गेले असं लिहा. कोन कोन गेलं ते लिहा. कोनती म्हातारी कोनाच्या पाठीवर बसून गेली ते लिहा."

"मग तुम्हीच लिहा," मी वैतागून म्हणालो. पंधरा दिवसांनी त्यांनी एक लांब वही माझ्यापुढे ठेवली. मी लेखणी घेऊन बसलो आणि काही वेळाने ती खाली ठेवली. शुद्धलेखनापलीकडे हात लावण्यासारखं त्यात काही नव्हतं. प्रकरण त्यांच्याच नावाने छापायचं ठरलं.

दुसऱ्या आवृत्तीचं प्रकाशन देवळीलाच झालं. सेलूहून लोक बसने आले, नाचणगावहून टेम्पो भरून आले. खुर्च्या संपल्या, सतरंज्या संपल्या, खिडक्यांत माणसं उभी राहिली. या वेळी मी खाली बसलो होतो आणि कौतिकाबाई माइकसमोर होत्या. निळी साडी, तोच चष्मा. त्यांनी स्वतःचं प्रकरण वाचायला घेतलं. घरांच्या यादीपाशी आल्या, पहिलं नाव वाचलं आणि थांबल्या. पुस्तकातून मान वर काढून म्हणाल्या, "याइचं कोनी आलं हाय का?"

सेलूची पाच-सहा माणसं उठून उभी राहिली. दुसरं नाव. नाचणगावची एक तरुण मुलगी उठली, तिच्यामागे तिचे वडील. तिसरं, चौथं. टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेचनात. अकराव्या घरापर्यंत निम्मं सभागृह उभं होतं आणि माणसं माना वळवून एकमेकांचे चेहरे बघत होती. माझ्या शेजारी संपादक बसले होते. त्यांनी चष्मा काढून रुमालाने पुसला, आणि मग डोळे पुसले.

समारंभानंतर फोटोसाठी पाहुणे व्यासपीठावर खोळंबले होते. कौतिकाबाईंचा पत्ता नव्हता. शेवटी त्या मला मागच्या सतरंजीवर सापडल्या, सेलूच्या एका बाईचा हात हातात घेऊन. "तुह्या आजीची बहीण ते माही आजी," त्या सांगत होत्या. "मंग तू माही कोन लागली? सांग ना!" भोवती पंधरा-वीस जणांचा घोळका, प्रत्येकाला काहीतरी विचारायचं होतं.

मी म्हणालो, "कौतिकाबाई, फोटोला चला, सगळे थांबलेत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "तुमी काढून घ्या, सर," त्या म्हणाल्या. "माह्ये लोकं आले हायेत."